अकरा सेकंदांनंतर

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पाहिला नसेल तर तुमच्या एखाद्या मेहुणीने तरी पाठवला असेल. निळी लोकरी टोपी घातलेला म्हातारा दाराच्या बेलपाशी वाकतो, चेहरा इतका जवळ आणतो की सगळं नाकच दिसतं, आणि म्हणतो, "अर्डिस, बघ, काय सापडलं मला!" तो हातमोजा काढायला लागतो, तेवढ्यात बेलमधून एका बाईचा आवाज येतो, "ओरी, थांब तिथेच. आलेच मी." म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहतं. मग तो असा हसतो, की बघणाऱ्यालाही हसू फुटतं. तिथे व्हिडिओ संपतो. अकरा सेकंद.

ते दार माझं आहे. आवाजही माझाच. आणि माझं नाव अर्डिस नाही, मार्ला आहे.

तलावाकाठच्या डुलुथ शहरातलं, चढावरचं हे घर मी चार वर्षांपूर्वी ओरिन स्टेन्सरूड यांच्याकडून घेतलं. एक्केचाळीस वर्षं राहिले होते ते इथे, बायकोबरोबर. अर्डिस गेल्या आणि मुलीने, रेनेने, त्यांना आपल्याकडे नेलं. तीन गल्ल्या वर. घर ताब्यात देताना रेनेने माझ्या हातात एकच किल्ली ठेवली. म्हणाली, "दुसरी बाबांनी कुठेतरी हरवलीय. सापडली की आणून देते." मी म्हटलं, असू दे गं. कुलूप बदलायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्या गल्लीत कुणी कुलूप बदललं तर शेजाऱ्यांना वाटतं, आपल्यावरच संशय आहे. अर्धे लोक तर दार लावतच नाहीत. मी लावते, कारण मी वीस वर्षं मिनीआपोलिसमध्ये काढली, आणि घटस्फोटानंतर एकटी राहते. बेलमध्ये कॅमेराही मीच बसवला, गल्लीतला पहिला. शेजारचा ड्वेन तेव्हा म्हणाला होता, "काय गं, तुझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? ती सोफ्यावरची मांजर?"

ओरिन पहिल्यांदा आले ते गेल्या सप्टेंबरात. मी कामावर होते. मी दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. दिवसभर हात दुसऱ्याच्या तोंडात. मधल्या दहा मिनिटांच्या सुट्टीत फोन उघडला तर बेलची सूचना आलेली. दारात एक म्हातारा. त्याने बेल एकदाच दाबली, मग कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघत म्हणाला, "अर्डिस, मीच. किल्ली विसरलो परत. ओरडू नकोस, आधी हे बघ." आणि खिशातून बटाटा काढला. हुबेहूब बदकासारखा, चोचीसकट. थोडा वेळ उभे राहिले, बटाट्याशी काहीतरी बोलले, आणि निघून गेले.

मी तो व्हिडिओ दवाखान्यातल्या माझ्या मैत्रिणीला, बॉबीला दाखवला. बॉबीला हसू आवरेना. "मार्ला, अगं हे नेटवर टाक ना! फोनमध्ये ठेवून काय लोणचं घालणारेस?"

टाकला. संध्याकाळी घरी जाईपर्यंत तो वीस हजार लोकांनी पाहिला होता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सत्तेचाळीस वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीकडे वीस हजार माणसांनी बघितलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा शेवटची पाच वर्षं बघितलं नव्हतं.

मग ते दर दोन-चार दिवसांनी यायला लागले. बेल एकदाच. दुसऱ्यांदा कधी दाबली नाही. जुन्या माणसांना तो उद्धटपणा वाटतो. दर वेळी "किल्ली विसरलो" आणि दर वेळी हातात नवी वस्तू. लहान मुलाचा एक बूट. वाकलेला चमचा. गाडीच्या चाकाची झाकणी, ती त्यांनी डोक्यावर धरून दाखवली. एकदा अख्खा भोपळा, आणि त्या दिवशी नुसतं म्हणाले, "याचं तूच बघ." जगभरचे लोक वाट बघायला लागले. 'बेलवाले आजोबा' हे नाव कुणी दिलं मला माहीत नाही. त्या बदकबटाट्याची चित्रं लोकांनी टी-शर्टवर छापली. एका बाईने तो दंडावर गोंदवून घेतला आणि मला फोटो पाठवला.

त्यांना विसरण्याचा आजार आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कुणालाही कळलं असतं. पण कळलेलं आपण कुठे ठेवतो, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी ते मागे, कपाटाच्या तळाशी ठेवलं.

नोव्हेंबरात रेने दारात उभी. हातात ओटच्या वड्यांचा डबा. आमच्याकडे माफी मागायची असली की तोंडाआधी डबा पुढे येतो.

"बाबांचा त्रास होतोय का तुला?" तिने विचारलं. "मी कामावर गेले की ते फिरायला निघतात. मला वाटायचं तलावाकडे जातात. काल ऑफिसातल्या एकाने व्हिडिओ दाखवला. म्हणाला, रेने, हे तुझे वडील नाहीत ना?"

"रेने, मी तुला विचारायला हवं होतं. सगळे काढून टाकते. आज, आत्ता."

तिने डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "नको. मी रात्री सगळे बसून पाहिले. घरी ते माझ्याशी बोलत नाहीत, मार्ला. मला ताई म्हणतात, म्हणजे स्वतःची बहीण समजतात. तुझ्या दारात मात्र ते माझे बाबा असतात. ती मस्करी, ते नाटक, सगळं आईपुढे असंच चालायचं. आई त्यांना ओरी म्हणायची. 'ओरी, घरात कचरा आणू नकोस!'" ती हसली आणि डोळे पुसले. "येऊ देत त्यांना. घराबाहेर पडू नका म्हटलं की लहान मुलासारखे रडतात. फक्त एक कर. कडाक्याची थंडी पडली आणि ते आले, तर मला फोन कर. बाकी काही नको. मी पाच मिनिटांत येऊन नेईन."

"हे काय बोलतेस, करेन की. शपथ."

मग ती निघाली. आमच्याकडे निघणं म्हणजे काय ते आमच्याच लोकांना माहीत. 'चला, निघते' म्हणून माणूस उठतो, मग दारापाशी वीस मिनिटं, मग पायरीवर दहा, मग गाडीची काच खाली करून पुन्हा. रेनेने मला अर्डिस ओव्हनमध्ये भाजायच्या त्या हॉटडिशमध्ये किती चीज पडायचं ते सांगितलं, मी तिला माझ्या गुडघ्याबद्दल सांगितलं. गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले मी. मला वाटलं, मैत्रीण मिळाली.

डिसेंबरात मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा रेने आली आणि त्यांना घेऊन गेली. पण ते पटकन गेल्यामुळे व्हिडिओ काही धड झाले नाहीत. बघणारे कुरकुरायला लागले. आणि त्यांच्यातल्याच कुणीतरी ते लिहिलं, जे मग शेकडो जण लिहायला लागले: एकदा उत्तर दे ना. एकदा अर्डिस हो. बिचाऱ्याला किती आनंद होईल.

बेलमधून बोलता येतं, हे सांगायला नको. पार्सलवाल्याला मी रोज सांगते, तिथे ठेव.

जानेवारीची तेवीस तारीख. पारा शून्याखाली चौदा, वर तलावाचा वारा. सकाळी दहाच्या सुट्टीत मी आणि बॉबी कॉफी घेत होतो आणि फोन थरथरला. ओरिन. निळी टोपी, भुवयांवर बर्फाची पांढरी कणी.

"अगं, आलेत!" बॉबी खुर्ची सरकवून माझ्या खांद्यावर वाकली. "बोल ना आज! लोक कधीचे मागे लागलेत. बोल, बोल!"

मला आठवत होतं. फोन करायचा, हे मला पूर्ण आठवत होतं. मी मनात म्हटलं, आधी एक शब्द बोलते, मग लगेच रेनेला लावते. ते म्हणाले, "अर्डिस, बघ, काय सापडलं मला!" आणि हातमोजा ओढायला लागले. मी बटण दाबलं आणि मला जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हटलं, "ओरी, थांब तिथेच. आलेच मी."

त्यांचं ते हसू तुम्ही पाहिलंय. मी खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला वाटलं की मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी भलं केलं. बॉबीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तेवढा तुकडा कापला आणि टाकला. कापायला आणि टाकायला तीन-चार मिनिटं गेली. मग डॉक्टरांनी हाक मारली, पुढचा पेशंट खुर्चीत बसला होता. नियमाप्रमाणे फोन लॉकरमध्ये ठेवला. मनाची समजूत घातली: ते नेहमी दोन-तीन मिनिटं थांबतात आणि जातात. आजही जातील.

पण रोज त्यांना कुणी थांब म्हणालेलं नव्हतं.

त्या पेशंटनंतर आणखी एक पेशंट होता. साडेअकराला लॉकर उघडला. पडद्यावर आधी काय दिसलं ते सांगते, कारण ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. एक लाख चाळीस हजार लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचं दिसलं. आणि मी ते बघत राहिले, हसत. त्याखाली ड्वेनचे नऊ फोन येऊन गेले होते, ते मी नंतर पाहिले.

ड्वेनने मला सगळं सांगितलं, एकदा नाही, पाच-सहा वेळा, कारण त्यालाही झोप नव्हती. तो बर्फ उडवायचं यंत्र घेऊन त्याची वाट मोकळी करत होता. ओरिन माझ्या दारात बेल दाबताना दिसले म्हणून त्याने यंत्र बंद केलं.

"मी म्हटलं, ओरिन, आत ये, कॉफी टाकतो. तो म्हणाला, नको, नको. मी म्हटलं, अरे गारठशील, ये. तो म्हणाला, छे, अर्डिस येतेय. मी तिसऱ्यांदा विचारलं गं, मार्ला. तिसऱ्यांदासुद्धा नको म्हणाला."

आमच्याकडे पहिलं 'नको' हे नुसतं बोलायचं असतं. दुसरंही. तिसऱ्या वेळी माणूस हो म्हणतो, नाहीतर त्याला खरंच नको असतं, आणि मग चौथ्यांदा विचारणं म्हणजे दांडगाई. ड्वेन असा शिकलेला, ओरिनही. मीसुद्धा.

"आणि आवाज मी स्वतः ऐकला होता ना!" ड्वेन कळवळून म्हणायचा. "दारातून बाईमाणूस बोललेलं ऐकलं मी. मला वाटलं तू घरात आहेस, अंघोळ-बिंघोळ करत असशील. मी आत जाऊन नाश्ता केला, पोरी. अंडी खाल्ली मी."

पाऊण तासाने त्याने खिडकीतून पाहिलं तेव्हा ओरिन पायरीवर बसले होते, भिंतीला टेकून. टोपी मांडीवर.

नऊ दिवस ते दवाखान्यात होते. उजव्या हाताची बोटं काळी पडली, मग छातीत कफ भरला. मी रोज जायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. रेनेने मला एकदाही दूर हाकललं नाही, वाईट बोलली नाही. तसं कुणीच बोललं नाही. एकदाच बाहेर येऊन म्हणाली, "ते दुःखी नाहीत. म्हणतात, आईला तयार व्हायला वेळच लागतो. नेहमीचंच आहे, म्हणतात." आणि आत गेली. मी तिथे बाकावर तोंडात मफलर कोंबून रडले.

दहाव्या दिवशी ते गेले. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस होती, पातळ कॉफी होती, सतरा प्रकारच्या वड्या होत्या. मी भांडी घासायच्या बाजूला उभी राहिले. रेने कप ठेवायला आली.

"त्यानंतर काय केलं त्यांनी? तू बोललीस त्यानंतर? कॅमेऱ्यात असेल ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "तो तेवढंच साठवतो."

धडधडीत खोटं. कॅमेरा हालचाल झाली की चालू होतो. माझ्या फोनमध्ये तेवीस जानेवारीचे चौदा तुकडे होते. मी एकही उघडला नव्हता.

व्हिडिओ मी काढून टाकला, पण काढून काय होतं. तोवर तो हजार जणांनी उचलला होता. कुणी त्याला ढोल लावला, कुणी त्यात मांजर घातली. आणि एक नवा खेळ सुरू झाला: आजोबांच्या हातमोज्यात काय होतं? लोकांनी पैजा लावल्या. दुसरा बटाटा. दातांची कवळी. जिवंत बेडूक. अर्डिससाठी अंगठी. ओरिन गेले, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं, अजूनही नाही.

मार्चमध्ये, बर्फ मळायला लागला तेव्हा, रेने आली. हातात डबा नव्हता.

"मला लोक मेसेज करतात," ती कोट न काढता स्वयंपाकघरात बसली. "अनोळखी लोक. विचारतात, हातमोज्यात काय होतं. सगळं जग अंदाज करतंय, मार्ला. माझ्या बापाच्या हातात काय होतं ते मला माहीत नको?"

मी किटलीकडे वळले.

"किटली राहू दे. तू मला चर्चमध्ये खोटं सांगितलंस ना?"

"हो."

"किती आहे?"

"चौदा तुकडे. मी पाहिलेले नाहीत. देवाशपथ पाहिलेले नाहीत."

"मग आता पाहू."

फोन मीठदाणीला टेकवून आम्ही शेजारी शेजारी बसलो. पहिला तुकडा तोच, फक्त न कापलेला. हसू. ते हसू संपत नाही, ते बराच वेळ हसतात. मग मागे होतात, टोपी काढतात. बाई दार उघडणार, तर पुरुषाने डोक्यावर टोपी ठेवू नये. त्या थंडीत ते बोटांनी केस बसवायला लागले, एका बाजूने, मग दुसऱ्या. रेने हळूच "बाबा" म्हणाली.

दुसऱ्या तुकड्यात ते कोटाचं वरचं बटण लावतात, ते लागत नाही. तिसऱ्यात ड्वेन येतो आणि तीनदा विचारतो. चौथ्यात ते एकटे आहेत, पाय आपटत. मग त्यांना काहीतरी आठवतं. हातमोज्यात हात घालून ते ती वस्तू काढतात, कॅमेऱ्यापुढे धरतात. इतकी जवळ, की ती नीट दिसेना. रेनेने फोन उचलून डोळ्यांजवळ नेला.

किल्ली होती. जुनी, पितळी, तिला लाल लोकरीचा दोरा.

"सापडली, अर्डिस," ओरिन म्हणत होते. "कोटाच्या अस्तरात होती गं इतकी वर्षं. आता ओरडू नकोस."

ते वाकले. कॅमेऱ्यात फक्त त्यांचं डोकं दिसत होतं, आणि खालून कुलपात किल्ली जाण्याचा आवाज आला. मी माझ्याच स्वयंपाकघरात बसून श्वास रोखला, जणू अजून काही होऊ शकत होतं. फिरवा. फिरवा ना.

ते सरळ झाले. किल्ली काढली, हातमोज्यात परत ठेवली.

"नको," ते बेलला म्हणाले, अगदी समजूतदारपणे. "तू येतेयस ना. थांबतो मी."

पुढचे दहा तुकडे आम्ही पाहिले नाहीत.

रेनेने फोन टेबलावर पालथा ठेवला. बाहेर ड्वेनच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं.

"कुलूप बदललं होतंस तू?" तिने विचारलं.

"नाही."

ती उठली, गाडीपाशी गेली. डिकीतून दवाखान्याने दिलेली कपड्यांची पिशवी काढली. जानेवारीपासून तिथेच पडून होती, गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मी खिडकीतून बघत होते. तिने हातमोजा शोधला, झटकला. मग पायऱ्या चढून आली आणि बाहेरून दार ओढून घेतलं. खिट्टी खट्कन बसली. क्षणभर काहीच नाही. मग कुलपात किल्ली फिरली, एकदाच, जराही न अडता, आणि दार उघडलं.

"लागते," रेने उंबऱ्यात उभी राहून म्हणाली.

तिने लाल दोऱ्याची ती किल्ली बुटांच्या फळीवर ठेवली. मी दारापर्यंत गेले, नेहमीच्या सवयीने. ती पायरीवर थांबली नाही. गाडीची काच खाली केली नाही. मी हात वर केला होता, तो गाडी वळेपर्यंत तसाच राहिला.